कोऱ्या पॅडांची कार्यशाळा

बाई कार्यशाळेतून परतल्या तेव्हा सगळ्यांनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"पिशवी?" हेडक्लार्क भाऊसाहेबांनी विचारलं.

"परत दिली."

"कुणाला?"

"ज्यांनी दिली त्यांनाच. दिवसभर कागद वाचवा, कागद वाचवा म्हणत होते. मला पटलं."

कार्यशाळेत सांगितलेलं कुणाला पटल्याचा त्या ऑफिसातला हा पहिलाच प्रसंग. तशी चूक बाईंची नव्हती. त्या नुकत्याच बदलून आलेल्या. इथली रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

रीत साधी होती. स्टेशनरीसाठी आलेला पैसा निम्मं वर्ष उलटायच्या आत संपे. प्रशिक्षणासाठी आलेला मात्र काही केल्या संपत नसे. पेन घ्यायला पैसा नाही, पेन कसं धरावं हे शिकायला हवा तेवढा. मग भाऊसाहेबांनी डोकं चालवलं. प्रत्येक कार्यशाळेत पिशवी मिळते आणि पिशवीत काही ना काही असतंच. पेनं संपली की कुणाला तरी तणावमुक्तीला पाठवायचं. स्टेपलरसाठी महिला नेतृत्व चांगलं. शिपाईमामा ते दोनदा करून आले होते. आणि कागद संपला की 'कागदविरहित कार्यालय'. तिथल्यासारखी जाडजूड कोरी पॅडं दुसरीकडे कुठं मिळत नसत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'कागद वाचवा' असं छापलेलं असे. मामा फूटपट्टी लावून तेवढा भाग फाडत आणि उरलेलं पान प्रिंटरला जाई. त्यामुळे या ऑफिसची पत्रं चारचौघांच्या पत्रांपेक्षा बोटभर आखूड असत.

आज कागद हवा होता तो खुद्द भाऊसाहेबांच्या बढतीसाठी. प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. प्रस्ताव ऑफिस सुटायच्या आत मुख्य कार्यालयात पोचला तर ठीक. नाहीतर जागा शेजारच्या विभागातल्या हेडक्लार्कला. आणि तो हेडक्लार्क म्हणजे भाऊसाहेबांचा साडू.

शेजारी कागद होता, पण मागणार कुठल्या तोंडानं? बाहेरून विकत आणावा, तर मागं एकानं तेही केलं होतं. सरकारी फायलीत खाजगी कागद का लावला, याचे खुलासे तो अजून देत होता.

तेवढ्यात घरून फोन आला.

"ताई सांगत होती, भाऊजींचा प्रस्ताव सकाळीच गेला म्हणे. तुमचा?"

"निघतोच आहे."

"त्यांना साहेब म्हणायची वेळ आणू नका. म्हणजे तुम्ही म्हणाल हो, तुम्हाला काय! मला ताईला तोंड दाखवायचंय."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"पण भाऊसाहेब, कागद हवाय कशाला?" बाई म्हणाल्या. "संगणकावरून पाठवला तरी चालतो आता. आजच शिकवलं."

"चालतो असं सगळेच म्हणतात हो. घेतं कोण?"

पण दुसरा इलाज नव्हता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, थोडंफार टाइप केलं आणि एक बटण दाबलं.

"गेला."

मामांनी दाराकडे वळून पाहिलं.

"पोच?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ही काय, आली."

भाऊसाहेबांनी पडद्यावरची पोच वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "हिची एक प्रत काढून ठेवा," ते सवयीनं म्हणाले, आणि मग स्वतःच रिकाम्या प्रिंटरकडे बघू लागले.

मुख्य कार्यालयात नवा नियम होता. संगणकावरून आलेले प्रस्ताव आधी बघायचे. आला होता एकच. साडूंचा प्रस्ताव गुळगुळीत कागदावर, सुबक टाचलेला, गठ्ठ्याच्या तळाशी सुरक्षित होता. भाऊसाहेब प्रशिक्षण विभागाचे प्रमुख झाले. ताईचे फोन येईनासे झाले.

नव्या दालनात भाऊसाहेबांनी सगळ्यांत आधी बाईंना बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. जुन्या ऑफिसातून सोबत आणलेल्या मामांना चहा सांगितला.

"ही जागा तुमच्यामुळे, बाई. उगाच म्हणत नाही. काय हवं ते मागा."

बाई संकोचल्या. "मागायचं असं काही नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या विभागाची एक कार्यशाळा आहे. तिथं माझं नाव घातलंत तर…"

"एवढंच? घातलं समजा. कसली आहे?"

"'अनावश्यक खर्च कसा ओळखावा.'"

भाऊसाहेबांचा कप ओठांशी थांबला. काचेपलीकडे त्यांचा सगळा विभाग मान मोडून काम करत होता. कुणी पिशव्यांचे रंग ठरवत होतं, कुणी समारोपाच्या जेवणाचा बेत. कोपऱ्यात कुणीतरी तणावमुक्तीच्या तयारीच्या ताणानं डोकं धरून बसलं होतं.

"बघतो," भाऊसाहेब म्हणाले.

बाई गेल्यावर मामा कप उचलायला आले.

"मग बाईंचं नाव लिहायला सांगू ना?"

"नको."

"अहो, असं काय करता? त्यांच्यामुळे तर तुम्ही इथं—"

"म्हणूनच म्हणतो," भाऊसाहेबांनी दार लोटून घेतलं. "त्या कार्यशाळेला तुम्ही जा, मामा. बाई तिथं खरंच ऐकतात."