ऑल्डरविकला वीसपैकी अठरा

"मिस, तुम्ही स्वतः कधी ऑल्डरविकला गेलाय का?"

शुभ्राने विचारलं आणि मागच्या बाकावर हिबाने तोंडात रुमाल कोंबला. मधल्या सुट्टीत तिनेच पैज लावली होती. शुभ्रा हे विचारणार नाही, आणि विचारलंच तर आठवडाभर शवार्मा हिबाकडून. 

मुनिबा मिसच्या हातात दोन फायली होत्या. एक तनिषची, 'ऑल्डरविक : इंग्लंडमधल्या एका उपनगराचा इतिहास आणि स्वभाव'. वीसपैकी अठरा. दुसरी शुभ्राची, 'इंटरनॅशनल सिटी, दुबई : माझ्या वस्तीचा इतिहास आणि स्वभाव'. वीसपैकी चार. खाली लाल पेनने लिहिलेलं, 'ही इतिहास असलेली जागा नाही. सोमवारपर्यंत ऑल्डरविकवर नव्याने लिहून आण.'

"नाही गेले," मिस म्हणाल्या. "कराचीहून शारजा, शारजाहून दुबई. पुस्तकात ऑल्डरविक आहे म्हणून नऊ वर्षं ऑल्डरविक शिकवतेय. यल्ला, बैठो."

शुभ्रा बसली नाही. यापुढचं पैजेत नव्हतं.

"पण मिस, तनिषने लिहिलंय, स्टेशन झालं म्हणून १८९० साली तिथे घरं बांधली. आणि पुढच्याच पानावर स्टेशन १९८३ साली सुरू झालंय. मग लोक त्र्याण्णव वर्षं प्लॅटफॉर्मशिवाय गाडीची वाट बघत होते का?"

वर्ग हसत सुटला. तनिष ओरडला, "ए, मी नाही हां! फाइलमध्येच तसं होतं!"

फाइल म्हणजे ती फाइल. बिल्डिंगमधलं जे मूल वरच्या वर्गात जातं, त्याची पुस्तकं, ब्लेझर आणि ऑल्डरविकची फाइल खालच्या वर्गातल्या मुलाच्या घरी पोचते. निखिलची वेदांगकडे गेली, वेदांगची रेहानकडे, रेहानची तनिषकडे. नाव बदलायचं, बाकी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. १८८३ चं कुणीतरी कधीतरी १९८३ केलं, आणि तेव्हापासून ऑल्डरविकला स्टेशन शंभर वर्षं उशिरा येत होतं. दरवर्षी त्याच्याशेजारी बरोबरची खूण.

मिसनी पान उघडलं. स्वतःच्याच खुणेकडे क्षणभर पाहिलं आणि ती खोडली.

"तनिषचं मी बघते. पण तुझे मार्क तेवढेच राहतील. चर्च कधी बांधलं, ट्राम कधी आली, पहिली शाळा कुठली, हे द्यायचं असतं. तू काय दिलंयस? एक किराणावाला."

"लियाकतचाचा, मिस." शुभ्राचा आवाज चिरकला. रडू नव्हे, राग. "ते आले तेव्हा इथे बस येत नव्हती. हमरस्त्यावर उतरून वाळूतून चालत यायचे. त्यांच्या दुकानाच्या पाटीवरून लोक पत्ता सांगायचे. आणि चोवीस साली पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरची नऊ कुटुंबं वरच्या घरांत चार दिवस राहिली. कोण कुणाकडे राहिलं, सगळं लिहिलंय मी. हा इतिहास नाही तर काय आहे?"

"गॉसिप," मिस म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.

शुभ्रा घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आणि तनिषकडची ती जुनी फाइलसुद्धा. जेवणाच्या टेबलावर ती उघडी होती, शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि नवीन पेन.

"तनिषच्या आईने लगेच पाठवली, बिचारीने," आई म्हणाली. "गपचूप उतरवून काढ. तारीख तेवढी नीट कर. आणि मिसना सॉरी म्हण."

"सॉरी? मी? नो वे!"

"बारा मार्क नसले तर पुढच्या वर्षी हिस्ट्री मिळणार नाही. हिस्ट्री हवी म्हणून जानेवारीपासून आमचं डोकं कोण खातंय?"

शुभ्राने दप्तर खुर्चीवर टाकलं. हिस्ट्री तर हवीच होती. दुसरं काही नकोच होतं.

बाबा शुभ्राची फाइल वाचत होते. ऑफिसात दिवसभर लोकांचे कागद क्रमाने लावणारा माणूस. एकेक पान सावकाश उलटत होते. पाणी भरल्याच्या पानावर थांबले, हसले.

"छान लिहिलंयस गं. पण मिसचं अगदीच चूक नाही. आपण इथे भाड्याने राहतो. व्हिसा संपला की खलास, बॅगा भरायच्या. भाडेकरूंचा कसला आलाय इतिहास?"

"ऑल्डरविकचे पहिले लोक भाडेकरूच होते, बाबा!" शुभ्राने ती दुसरी फाइल ओढली, धडाधड पानं उलटली, बोट ठेवलं. "वाचा. 'येथे प्रथम कारकून व त्यांची कुटुंबे भाड्याने राहू लागली.' बस. एक ओळ. चर्चला दीड पान, ट्रामला एक पान आणि माणसांना एक ओळ. एकाचंही नाव नाही. वेदांग, रेहान, तनिष, सगळ्यांनी उतरवली ही ओळ. कुणाला वाटलं नाही, अरे, कोण होते हे?"

आईने कागदांचा गठ्ठा तिच्यासमोर सरकवला. "वाटून काय करणार होते? लिहायला बस."

शुभ्रा बसली. पेनाचं टोपण काढलं. एक कोरा कागद घेतला आणि वर स्वच्छ अक्षरात आईबाबांची नावं लिहिली, 'गुणवंत आणि छाया, पहिला मजला.'

"सोमवारी मी माझीच फाइल परत देणारे," ती म्हणाली. "हिस्ट्री नाही मिळाली तर नाही मिळाली. बाबा, तुम्ही इथे राहायला आलात तो वार कोणता होता?"