उंबऱ्याबाहेरचा हुकूम

गटाराचं पाणी तपासणाऱ्या यंत्राने या घरातला साथीचा ताप टिपला होता. पण घर बंद करायचं तर कायद्याने आरोग्य अधिकाऱ्यानेच दारात जाऊन हुकूम वाचायचा, आणि आत पाऊल टाकलं तर घरातल्यांबरोबर पंधरा दिवस कोंडून राहायचं. म्हणून टेंभेकरबाई नेहमी उंबऱ्याबाहेरूनच वाचत. आजही त्यांनी थकल्या आवाजात हुकूम वाचून संपवला.

"एकटा आहे हो मी," गणपुले आजोबा खोकत म्हणाले. "रात्री पाणी कोण देणार?"

"पाणी पाजणारं यंत्र येईल, आजोबा."

"शेजारच्या कुसुमकडेही आलं होतं. ती गेल्यावरही दोन दिवस पाणी पाजत होतं तिला."

कुसुमच्या दारातही बाईंनीच हुकूम वाचला होता. त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला. मागे दार बंद झालं.

"माठ कुठे ठेवलाय?" त्यांनी विचारलं.