अंदाज उभ्यानं बोलायचा

“मामा, हे उभं राहून बोला.”

वंदनाचं वाक्य संपलं आणि नवीन जालन्यातल्या बियाण्यांच्या दुकानावरची ती खोली दचकली. चहाच्या बश्या हातातच राहिल्या. सासऱ्याला, तेही बैठकीचे अध्यक्ष असलेल्या सासऱ्याला, सुनेनं भर सभेत उठायला सांगितलं होतं.

दर रविवारी सकाळी इथे तत्त्वज्ञानाची बैठक भरायची. नोकरी-धंद्यातून मोकळी झालेली, पण जिभेला सुट्टी न दिलेली माणसं जमायची. आत्मा, ईश्वर, मरण, काहीही चालायचं. नियम एकच, आणि तो चांदपाशांनी घातलेला. त्यांचा जन्म बियाणं तपासण्यात गेला होता; दाणा उगवलेला पाहिल्याशिवाय ते सही करत नसत. जे पाहिलंय, पडताळलंय, ते बसून सांगायचं. जो अंदाज आहे, तो उभं राहून. उभं राहण्यात कमीपणा नव्हता. उलट बैठकीतलं सगळ्यात रंगलेलं बोलणं उभ्यानंच झालेलं. फक्त ऐकणाऱ्याला कळायचं, की आता हा माणूस चाचपडत चालला आहे.

एकटे वंदनाचे सासरे बद्रीनाथराव कधी उठले नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. देवळाच्या पायऱ्या मात्र तेच गुडघे बिनतक्रार चढत. सून बी.ए. आहे हे चारचौघांना दिसावं म्हणून त्यांनीच वंदनाला बैठकीत आणलं होतं, आणि ती बोलेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आज विषय कर्माचा होता, आणि दाखला त्यांनी घरातलाच काढला होता. नात तेजल, सहा वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. “मागल्या जन्माचं पाप हाय ते,” ते लोडाला टेकून म्हणाले होते. “भोगूनच फिटतं. आता सूनबाई म्हणते, संभाजीनगरला मूकबधिरांच्या शाळेत घालू. भोगात कुणी हात घालावा का?” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. “बराबर,” कुणीतरी म्हणालं.

त्या ‘बराबर’चीच वंदनाला धास्ती होती. रविवारी इथे माना डोलल्या, की सोमवारी घरात तो कायदा होई. नवरा सूरज बापापुढे मूग गिळून बसणारा. म्हणजे तेजलची शाळा इथेच, या चहाबरोबर संपणार होती. पण वंदनाचा राग त्या धास्तीहून मोठा होता.

“तिचा मागला जन्म पाह्यला का तुम्ही?” ती म्हणाली. “न्हाई ना? मंग तो अंदाज हाय. उभं राहून बोला.”

“शास्त्रात लिव्हलंय, पोरी.” बद्रीनाथराव चांदपाशांकडे वळले. “सांगा हो हिला.”

चांदपाशांनी बशी खाली ठेवली. “बद्रीभाऊ, मी जन्नतीवर बोललो तवा उभाच राह्यल्तो. तुमच्यासमोर. माझं ईमान बिलकुल पक्कं हाय. पण पाहून आलो, असं कसं म्हणू?”

बद्रीनाथरावांचे कान लाल झाले. “ठीक हाय. मंग तूच सांग. पाप न्हाई, तर ऐकू का येत न्हाई तिला?”

डाव पक्का होता. सगळे वंदनाकडे बघू लागले.

“मला माहीत न्हाई,” ती म्हणाली.

“घ्या! माहीत न्हाई म्हणते अन् वर वाद घालते!”

“माहीत न्हाई, हे मी बसून सांगून राह्यले, मामा. ते पक्कं हाय.” कुणीतरी खुदकन हसलं. वंदना हसली नाही. “आता दुसरं. तेही बसूनच सांगते, कारण ते मी डोळ्यानं पाह्यलंय. तेजल आरशासमोर जाते. छातीवर हात ठेवते. तुमच्यासारखी मान हलवते, अन् दोनदा ओठ मिटते. पाप. आवाज न्हाई, नुसते ओठ. तुम्ही तिच्याकडं बघून रोज म्हणता, तसं. मी पाह्यलं. सूरजनं पाह्यलं.”

चांदपाशांनी बद्रीनाथरावांकडे पाहिलं.

मग वंदना उठली. तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि सरळ उभी राहिली.

“हा माझा अंदाज हाय,” ती म्हणाली. “आम्ही तिला तेजल, तेजल म्हणतो. बहुतेक वेळा तिच्या पाठीमागून. तिला कुठं ऐकू येतं? आजोबा मात्र समोर येऊन, तिची हनुवटी धरून म्हणतात, ते दिसतं. तिला वाटतं, ते तिचं नाव हाय.”

बद्रीनाथराव काहीतरी बोलायला गेले. तोंड उघडलं, आणि ओठ मिटायच्या आत त्यांनी ते हाताने झाकलं.

“खाली बस,” ते हाताआडून म्हणाले. “घरी बोलू.”

“घरी काय बोलायचं?” वंदना दारापाशी गेली, चपलेत पाय घातले आणि वळली. “उद्या सकाळच्या गाडीनं मी तिला नेऊन राह्यले. ती शाळा मी पाहून आले, मामा. तिथं सगळ्यात आधी लेकराला त्याचं नाव शिकवतात.”