कुंपणापुढचं धुकं

"माझं घर नाही ना जाणार?" आईनं पुन्हा विचारलं.

"नाही गं बाई, किती वेळा सांगू?" लेक जमिनीवर फतकल मारून बसली होती. पुढ्यात जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि आतून इतकी धूळ निघाली होती, की दोघी आळीपाळीनं शिंकत होत्या.

घर म्हणजे खेळातलं. शिवणयंत्रावरून उठली, की आई रोज त्या खेळात जाऊन बसायची. टेकडीच्या टोकाला तिनं एकेक फळी लावून घर बांधलं होतं, दारात झाडं, झाडाखाली बाक, भोवती फळ्यांचं कुंपण. कुंपणापुढे मात्र काहीच नाही, नुसतं पांढरं धुकं. जग तिथंच संपतं, म्हणून तर तिनं ती जागा निवडली होती.

लेक उद्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघणार होती. दोन घरांतून दोघींना एकत्र खेळता येईल असा नवा खेळ तिला आईसाठी घालून द्यायचा होता, आणि हा म्हातारा डबा त्या खेळाचं नाव काढलं तरी बंद पडायचा. म्हणून पडद्यावरची चित्रं उमटवणारं हे नवं ग्राफिक्स कार्ड. आई एकटी पडेल, हा विचार कालपासून लेकीच्या मनातून जात नव्हता. पण ते दोघीही बोलत नव्हत्या. दोघी स्क्रूबद्दल बोलत होत्या.

एक स्क्रू घरंगळून आत पडला. आई लगबगीनं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेऊन आली.

"अगं आई, ते नको! जीव घेशील त्याचा!"

"मग काय, नावानं बोलावू स्क्रूला?"

शेवटी शिवणाच्या डब्यातला चिमटा कामी आला. कार्ड जागेवर बसलं. लेकीनं बटण दाबलं. नेहमीची घरघर झालीच नाही.

"मेला वाटतं."

"चालू आहे. आता आवाज करत नाही तो."

"आधी माझं घर दाखव."

घर होतं. झाडं होती, बाक होता. धुकं तेवढं नव्हतं. कुंपणापुढे गवताचा उतार खाली खाली गेला होता आणि वारा त्यावरून हात फिरवत होता. खाली नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे मूठभर छपरं, त्यांतून निघणारा धूर. आणि सगळ्याच्या मागे, उन्हात हळूहळू हलणारा समुद्र.

"हे कोणी केलं?" आईनं हळूच विचारलं.

"कोणी नाही. आधीपासून होतंच. एवढं लांबचं दाखवायची आपल्या कॉम्प्युटरची ताकद नव्हती, म्हणून तो धुकं पसरायचा."

"म्हणजे इतकी वर्षं मी इथं बसत होते, आणि समोर हे होतं?"

"हो."

आईनं खुर्ची मागे सरकवली. मग एकदम म्हणाली, "ते धुकं परत घाल बाई. एवढ्या मोठ्यात मी एकटी काय करू?"

म्हटलं एकदाचं. लेकीचे डोळे भरून आले. "घालते," ती कशीबशी म्हणाली. "लगेच होईल. घालू?"

आई पुढे वाकून बघत होती. पुलावरून एक पांढरा पक्षी संथ उडत पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"तो पूल कुठं जातो गं?"

"मला काय माहीत? मीही आजच बघतेय."

आईनं चष्मा बाहीला पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि माऊस हातात घेतला. कुंपणाला फाटक नव्हतंच, कधी लागलंच नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं लावलेली एक फळी काढली. मग दुसरी.

"तुला बॅग भरायची आहे ना?" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "जा, भर. मी जरा पुलापर्यंत जाऊन येते."