चिमट्याची दाद

संपादकांच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया उघडी होती, आणि समोर बसलेले तिघेही तिच्याकडे असे पाहत होते, जणू तीच त्यांना न्याहाळते आहे.

प्रतिक्रिया ‘चिमटा’ या टोपणनावाची होती. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर मनोरंजनाच्या पानात काही आलं की दुपारच्या आत त्याखाली चिमटा हजर. नटाच्या नव्या बंगल्याची बातमी आली, की ‘घर पाहिलं, अभिनय कधी दाखवणार?’ नटीच्या घटस्फोटाची आली, की ‘लग्नाला बोलावलं नव्हतं, आता रडायला बरं बोलावता.’ लोक बातमी चाळत आणि चिमटा वाचत. सर्वांत जास्त सोलले जात ते या तिघांतल्या वार्ताहर बाईचे लेख. ती चिडे, हसे, आणि पुढच्या लेखातलं एखादं गोडगोड विशेषण गुपचूप खोडून टाकी.

आज मात्र चिमट्याने पहिल्यांदाच दाद दिली होती. रंगभूमीचा निरोप घेणाऱ्या नटीवरच्या लेखाखाली त्याने लिहिलं होतं: ‘लेख नेहमीसारखाच, साखरेत घोळलेला. पण “टाळ्या थांबल्यावरही ती उभीच राहिली, कुणी न्यायला येणार असल्यासारखी” या एका वाक्यासाठी सगळं माफ.’

वाक्य तिचंच होतं. फक्त ते छापलं गेलंच नव्हतं. बातमीत कविता नको, म्हणून संपादकांनी ते आदल्या संध्याकाळी स्वतःच काढून टाकलं होतं.

मूळ मजकूर या तिघांनीच पाहिलेला. तिसरा होता हंगामी उपसंपादक, ज्याची नोकरी याच आठवड्यात कायम व्हायची होती. संपादक त्याच्याकडे वळले. हा चिमट्याचा जोडधंदा कधीपासून चालू आहे, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. शिवाय एवढं झणझणीत लिहिता येत असताना इथे मथळे असे मेंगळट का देतोस, असंही. त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

ती अजून पडद्याकडेच पाहत होती. लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय तिला त्याचा ताल सापडत नसे. कालचा लेखही संपादकांना देण्याआधी तिने घरी मोठ्याने वाचला होता, शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंपुढे. त्या नेहमीप्रमाणे ‘छान’ म्हणाल्या होत्या. म्हणजे चिमटा तिचं छापलेलं वाचतच नव्हता. तो ऐकत होता.

“याला सोडा, सर,” ती म्हणाली. “मजकूर माझ्या घरून बाहेर गेलाय.”

घरचा भेदी इतका वाचनीय असेल तर त्याला मानधन द्यावं लागेल, असं पुटपुटत संपादकांनी पडदा बंद केला.

संध्याकाळी सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. मांडीवर फोन पालथा. उतरतं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांत रेंगाळत होतं. तिला भांडायचं नव्हतं. या घरात आपलं लिहिणं कुणी खरोखर ऐकतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

“आई, ते टाळ्यांचं वाक्य संपादकांनी कापलं. छापून आलंच नाही.”

“कापलं?” सासूबाई ताठ झाल्या. “अगं, सगळ्या लेखात तेवढंच तर होतं.”

बोलून झाल्यावर त्या थबकल्या. दोघींची नजरानजर झाली. सुनेच्या आत काहीतरी हळूहळू उजळत गेलं. कित्येक वर्षं ‘छान’ या शब्दामागे कडी लावून बसलेलं कुणीतरी आज चुकून दारात आलं होतं.

“आणि बाकीचा लेख, आई?” तिने हसू दाबत विचारलं.

सासूबाईंनी फोन उचलला, पदराने त्याची काच पुसली, आणि त्यावर काहीतरी टाइप करत त्या आत निघून गेल्या.