चिमणाबाईची गाठ

"चिमणाबाईचा रिपोर्ट द्या," बाईनं खिडकीतून आत तोंड घालून एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली.

लॅबमधल्या कृष्णातनं वही उघडली. चिमणाबाईच्या नावापुढं लाल पेनानं खूण होती. लाल खूण म्हणजे कागद हातात द्यायचा नाही, माणसाला आत डॉक्टरांकडं पाठवायचं.

"तुम्ही कोण पेशंटच्या, मावशी?"

"शेजारीण. भिंतीला भिंत हाय."

"घरचं कुणी आलं न्हाय?"

"घरचं असतं तर मी कशाला आलो असतो कुरुंदवाडास्नं एस्टीचं धक्कं खात? जयसिंगपूरचं डॉक्टर म्हणालं, कुणाला तरी कोल्हापूरला धाड. म्हणून आलोय."

कृष्णातनं मान डोलावली आणि आतलं दार दाखवलं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. जयसिंगपूरचे डॉक्टर गाठीत बारीक सुई घालून आतलं ओढून घ्यायचे, ते काचेच्या पट्टीवर पसरायचे आणि पट्ट्या डबीत घालून कोल्हापूरच्या या लॅबला धाडायचे. इथं दानेश्वरी डॉक्टर त्या दुर्बिणीखाली बघायच्या. पेशंट त्यांना क्वचितच दिसे. आणि निदान वाईट निघालं, तर ते पेशंटला सांगायचं नाही, त्याच्या माणसाला सांगायचं. पेशंटला म्हणायचं, साधी गाठ आहे. सगळेच डॉक्टर असं करत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"बसा मावशी," दानेश्वरी म्हणाल्या. "चिमणाबाईंना तुम्ही चांगल्या ओळखता ना?"

"माझ्याइतकं तिला कोणच वळखत न्हाय."

"बातमी चांगली नाही. स्तनातली गाठ कॅन्सरची आहे."

बाईनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं.

"वाटलंच हुतं," ती म्हणाली. "दोन वरसं झाली, पदराखाली झाकून हिंडतीय. म्हणावं, भोग आता!"

"अहो, असं काय बोलता?"

"मग काय ओवाळू व्हय तिला? लई फटकळ बाई. एकुलत्या एका पोराला तोडून बोलली. त्यो बायकूला घिऊन गेला इचलकरंजीला. चार वरसं झाली, उंबरा चढला न्हाय. हिनं तरी कुठं बोलावलं? ताठा मेला! नवरा गेला तवासुदिक डोळ्यात टिप्पूस न्हाय."

"चारचौघांत नसेल आलं. घरात एकट्या रडल्या असतील."

"असंल," बाई म्हणाली.

दानेश्वरींना भयंकर राग आला. अशी शेजारीण वैऱ्यालासुद्धा नको! त्यांनी न पाहिलेल्या त्या चिमणाबाईची त्यांना फार दया आली. भिंतीपलीकडं हे असलं माणूस, आणि घरात तेही नाही.

"किती दिस हायती तिला?" बाईनं विचारलं.

"मिरजेला नेलं, ऑपरेशन केलं, किरणांचा शेक दिला, तर पुष्कळ वर्षं काढतील. नाही केलं तर वर्ष, फार तर दीड."

"शेवटाला दुखतंय व्हय लई?"

"दुखतं. म्हणून तर माणूस लागतं जवळ."

"आणि नसलं कोण जवळ?"

"तुम्ही आहात की," दानेश्वरी म्हणाल्या.

बाईनं पदरानं नाक पुसलं. एकदा पुसून भागलं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. दानेश्वरींचा राग थोडा उतरला. बाई तोंडानं काही का बोलेना, इतक्या लांब आली होती खरी. तिला वाईट वाटत होतं हे दिसतच होतं.

"ऐका मावशी. हे त्यांना कळता कामा नये. साधी गाठ आहे म्हणा. नुसत्या नावानंच माणूस हाय खातं."

"मी कशाला सांगतोय तिला!"

"आणि भांडू नका आता त्यांच्याशी. मुलाला चिठ्ठी धाडा. तो येईपर्यंत तुम्ही त्यांना सोडू नका. एवढं कबूल करा."

"सोडून जातो कुठं!" बाई हसली. हसू काही नीट जमलं नाही.

"पोराला चिठ्ठी धाडली तर येईल व्हय त्यो?" तिनं विचारलं. एवढं एकच वाक्य ती हळू आवाजात बोलली.

"येईल. आईच आहे ना शेवटी."

दानेश्वरींनी कागद पुढ्यात ओढला.

"एक राहिलंच. बगलेत गाठ लागते का, ते जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. कॅन्सर तिथं पोचलाय का हे मिरजेचे डॉक्टर आधी विचारतील. तिथं सुई घालून मीच बघते, म्हणजे त्यांना पुन्हा जयसिंगपूरला हेलपाटा नको. दोन मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. कधी आणता त्यांना?"

बाई उठली. तिनं दार लोटून आतून कडी घातली, खांद्यावरचा पदर खाली घेतला आणि तपासायच्या टेबलावर बसून डावा हात डोक्यावर नेला.

"आणलीय," ती म्हणाली. "घाला सुई."