गॅलरीचा नियम

"काय गं, वारा सरला का?" डॉक्टरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

भिंगरीनं मान हलवली. नाही. पाच वर्षांची पोर, नाकात नळी, हातात सुई, पोटावर वीतभर पट्टी. घरात एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, आणि आज चार दिवस ती उताणी पडून होती.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून तिचं पोट ऐकलं. "आत थोडी हालचाल वाटतेय," ते तिच्या आईबापांकडे वळून म्हणाले. "पण आतड्याचा पीळ सोडवलाय, तेव्हा वाट मोकळी झाली का ते कळायला हवं. वारा सरला की पाणी सुरू करू. संध्याकाळपर्यंत नाहीच सरला, तर पुन्हा आत बघावं लागेल."

पुन्हा आत बघायचं म्हणजे पुन्हा पोट उघडायचं, हे आजीला कुणी फोड करून सांगायला नको होतं. सून कॉरिडॉरमध्ये गेली, तिच्यामागे मुलगाही गेला. तो प्लंबर. अख्ख्या वस्तीचे तुंबलेले पाइप मोकळे करणारा माणूस, आणि चार दिवस हातावर हात धरून बसला होता बिचारा.

आजी पलंगाजवळ स्टूल ओढून बसली. ओल्या कापसानं तिनं नातीचे ओठ पुसले. पोरगी तो कापूसच चोखायला बघायची.

"पाणी दे ना, आजी."

"देऊ हं. थोडं थांब."

आजीनं पस्तीस वर्षं वाचनालय सांभाळलं होतं. खुर्ची सरकली तरी तिची मान वर व्हायची. "हळू. लोक ऐकतायत," एवढंच म्हणायची, पण समोरचा गप्पगार. नोकरी संपली, सवय काही सुटली नाही. घरातही तोच कारभार. दार आपटायचं नाही, चहाचा भुरका मारायचा नाही, आणि पोटातला वारा तर चारचौघांत मुळीच सोडायचा नाही. ज्याला आला त्यानं उठावं, गॅलरीत जावं, दार लावून घ्यावं. आजोबा हयात होते तेव्हा तेसुद्धा कडाक्याच्या थंडीत मफलर गुंडाळून निमूट जाऊन यायचे. त्या गोष्टीला जो शब्द आहे तो या घरात कुणी उच्चारत नसे. "जरा गॅलरीत जाऊन येतो," एवढ्यावर भागायचं.

कापूस पुन्हा भिजवताना आजीचं लक्ष चादरीकडे गेलं. चादरीखाली भिंगरीनं पायावर पाय टाकले होते, घट्ट. अंगठे आत वळवलेले. ओठ मिटलेले, भुवया वर. आजीचा हात थांबला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. जेवता जेवता पोरीचा असा चेहरा झाला की पुढच्या क्षणी ती ताट सोडून गॅलरीकडे पळायची.

आजी तिच्या कानाशी वाकली. "बाळा, आलंय का तुला?"

भिंगरीनं आधी समोरच्या पलंगाकडे पाहिलं. तिथं एक बाई मुलाला थोपटत बसली होती. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "इथं गॅलरी कुठाय?"

आजीनं कापूस बाजूला ठेवला. "कधीपासून आलंय?"

"सकाळपासून."

"अगं, मग डॉक्टरांना नाही का म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं, सरला का. सरला नाहीये. मी धरून ठेवलाय."

आता बोला. आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या धाकापायी पोर त्या टाक्यांवर जोर देऊन सकाळपासून तग धरून आहे, आणि आपण शेजारी बसून तिचे ओठ पुसतोय.

"सोड, राणी. इथंच सोड."

"तू ओरडशील."

"नाही ओरडणार."

"पण लोक आहेत."

नियम आजीनंच घातलेला, आणि पोरगी तिचीच नात. असा एका शब्दानं मोडतेय कशाला? आजी उठली. पलंगाच्या कडेला हिरवा पडदा गोळा होऊन लोंबत होता. तो तिनं सर्रकन ओढला, या बाजूनं, मग त्या बाजूनं, एवढीशीही फट न ठेवता. "ही बघ, झाली गॅलरी," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते. दार लावलंय."

पडद्याकडे पाठ करून ती उभी राहिली. समोरची बाई बघत होती, बघू दे. आजीनं श्वास रोखून धरला.

आधी काहीच नाही. मग एक बारीकसा आवाज, बिजागरी कुरकुरल्यासारखा. आणि मग लांबलचक, भरघोस, चांगला खणखणीत.

आजीचा जीव भांड्यात पडला. ती वॉर्डच्या दाराकडे जवळजवळ पळतच सुटली, आणि पस्तीस वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात, आजवर जिभेवर न आलेला शब्द तिनं अख्ख्या कॉरिडॉरला ऐकवला.

"पादली! अरे, आपली पोरगी पादली!"

मुलगा भिंतीला टेकून होता, तो तसाच खाली बसला. सून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. नर्स हातातली फाइल घेऊन आली, घड्याळात बघून वेळ लिहिली आणि म्हणाली, "डॉक्टरांना सांगते. पाण्यासाठी चमचा काढून ठेवा."

आजी मात्र समोर दिसेल त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

तेवढ्यात हिरव्या पडद्याआडून आवाज आला.

"आजी, हळू. लोक ऐकतायत."